साठवणीचा माल लपवू नका : हिवाळी शेतकरी बाजार भरवणाऱ्यांना खुले पत्र

संयोजक मंडळींना,

स. न. वि. वि.

थंडी पडली की इथे अमेरिकेत उघड्यावरचा शेतकरी बाजार आवरतो आणि तुम्ही तो छताखाली आणता. कुणी शाळेच्या जिममध्ये भरवतं, कुणी चर्चच्या तळघरात, कुणी बंद पडलेल्या गिरणीच्या दालनात. बाहेर बर्फ साचलेला असताना आत गाजरं, बीट, कोबी, सफरचंदं, चीज, अंडी मांडून शेतकरी उभे असतात. गेली काही वर्षं माझ्या घरातला हिवाळ्याचा भाजीपाला बराचसा अशाच बाजारांतून येतो. त्यामुळे पहिल्यांदा तुमचे आभार. ऐन थंडीत सकाळी सहाला हॉलचं कुलूप उघडायचं, टेबलं लावायची, फरशीवरचं बर्फाचं पाणी दर अर्ध्या तासाने पुसायचं, हे काम कुणाला दिसत नाही.

पण हे पत्र तक्रारीचं आहे. तक्रार एकच, म्हणून आधीच सांगून टाकते. तुमच्या बाजारात जो सगळ्यात उत्तम माल असतो, नेमका तोच तुम्ही लाजत लाजत विकता.

तुमचंच पत्रक काढून बघा. जानेवारीच्या बाजाराचं आमंत्रण, आणि वर चित्र लालभडक टोमॅटोंचं, शेजारी लुसलुशीत लेट्यूस. खाली लिहिलेलं असतं की आज सकाळी शेतातून आलेला माल. त्या सकाळी शेतात गुडघाभर बर्फ असतो हे तुम्हालाही माहीत असतं आणि शेतकऱ्यालाही. आत आलं की टेबलांवर दिसतो तो मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढून जपून ठेवलेला माल. तो कधी काढला, कुठे ठेवला, याबद्दल कुठेही एक ओळ नसते. विचारलं तर काही विक्रेते ओशाळतात, जणू शिळं काही विकताना पकडले गेले. नवीन गिऱ्हाईक चित्रातला टोमॅटो शोधत एक फेरी मारतं आणि मेणबत्ती नाहीतर मफिन घेऊन निघून जातं. पुढच्या वेळी ते येत नाही. आणि जे येतात ते टोमॅटो मागत राहतात, मग एक दिवस टोमॅटो आणून देणारा कुणीतरी उगवतो. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी हिरव्या पाल्याचं. तो हिवाळ्यातही खरोखरच ताजा मिळतो, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण त्याचा हिशेब गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात, साधारण ४४ अंश उत्तर अक्षांशावर, एलियट कोलमन या शेतकऱ्यांनी गरम न केलेल्या हरितगृहांत हिवाळाभर भाजी घेऊन दाखवली. त्यांच्या पद्धतीची मेख थंडीपेक्षा उजेडात आहे. दिवसाचा उजेड दहा तासांच्या खाली गेला की रोपाची वाढ जवळपास थांबते. त्यांच्या शेतावर हा काळ साधारण ५ नोव्हेंबर ते ५ फेब्रुवारी असा येतो. म्हणजे जानेवारीत कापायचा पालक नोव्हेंबर लागायच्या आत जवळपास पूर्ण वाढलेला असावा लागतो. त्यानंतर प्लास्टिकच्या छपराखाली आणि आत वाफ्यावर टाकलेल्या पातळ कापडाखाली तो नुसता उभा असतो, फारसा वाढत नाही, मरतही नाही. कोलमन यांचा हिशेब असा की असं एकेक आच्छादन म्हणजे शेत आठशे किलोमीटर दक्षिणेला नेल्यासारखं. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने असे प्लास्टिकचे बोगदे, म्हणजे लांबट हरितगृहं, उभारायला अनुदान देणारी प्रायोगिक योजना जाहीर केली आणि हळूहळू ते बऱ्याच लहान शेतांवर दिसायला लागले.

हे कळलं की बाजारातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. पालक दहा वाजताच का संपतो? कारण कापलेलं पान फेब्रुवारीपर्यंत परत फुटत नाही, वाफ्यात जेवढं आहे तेवढंच वाटून पुरवायचं असतं. तो महाग का? त्याच कारणाने. गोड का? थंडीत गोठू नये म्हणून रोप स्वतःच्या पेशींत साखर वाढवतं, त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. केल ही कोबीच्या जातीची पालेभाजी, पार्सनिप हे गाजरासारखं पांढरं मूळ, जमिनीत राहिलेलं गाजर, सगळ्यांचं असंच. कडाक्याच्या रात्रीनंतर पानं काचेसारखी कडक झालेली असतात. तशी तोडली तर वितळल्यावर त्यांचा चोथा होतो, म्हणून शेतकरी ऊन वर येऊन पानं सैल होईपर्यंत हात लावत नाही. मग सकाळच्या बाजारासाठीचा पाला आदल्या दिवशी दुपारीच तोडलेला असणार. ‘आज सकाळी’ असं पत्रकात छापणाऱ्यांनी एवढं तरी विचारून घ्यावं.

आता साठवणीकडे येते. माझा सगळा जीव त्यातच आहे.

हिवाळाभर बाजारात उभं राहायचं तर शेतकऱ्याला निदान तीन वेगवेगळ्या हवा सांभाळाव्या लागतात. गाजर, बीट, कोबी यांना शून्य अंशाच्या आसपासची थंडी लागते आणि हवा जवळजवळ ओलीच, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता. अशा हवेत पक्कं, पाला काढलेलं गाजर सात महिने सहज निघतं, उशिराचा कोबी पाच-सहा. कांदा आणि लसणालाही शून्यच अंश लागतात, पण हवा कोरडी, ६५ ते ७० टक्के. गाजराच्या खोलीत कांदा ठेवला तर त्याला मुळं फुटतात, बुरशी येते. कांद्याच्या खोलीत गाजर ठेवलं तर आठवड्याभरात ते वाकतं. तिसरी हवा लाल भोपळ्याच्या जातीच्या फळांची, १० ते १३ अंश, आणि कोरडी. रताळं आणखी नाजूक. काढल्या काढल्या ते २९ अंशांच्या दमट गरमीत चार ते सात दिवस मुरवायचं, म्हणजे खरचटलेली साल भरून येते, आणि मग १३ ते १५ अंशांवर ठेवायचं. त्याहून थंडी लागली की आतला गर शिजवल्यावरही कडक राहतो. बटाट्याचं वेगळंच. फार गार ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळा पडतो, उबेत ठेवला तर कोंब येतात. शिवाय उजेड अजिबात नको, नाहीतर साल हिरवी होऊन सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. या सगळ्यांत सफरचंदं कुठे ठेवायची हाही प्रश्नच, कारण सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि त्याच्या शेजारी ठेवलेली गाजरं कडू होतात.

ऑक्टोबरात काढलेलं गाजर फेब्रुवारीत कुरकुरीत निघतं ते एवढ्या उपद्व्यापाने. त्यात शेतकऱ्याचं भांडवल आहे, जागरण आहे, एका रात्रीत वीज गेली तर सगळं घालवून बसण्याची भीती आहे. आणि आपण त्याला ते सांगायची चोरी करून ठेवली!

काही माल तर साठवल्यानेच चांगला होतो. बटरनट भोपळा काढल्याबरोबर खाल्ला तर मिळमिळीत लागतो. महिनाभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊन त्याला खरी चव येते. रताळ्याचंही तसंच. उलट एकॉर्न नावाचा लहान, खोबणीदार भोपळा पाच ते आठ आठवड्यांत उतरायला लागतो, जानेवारीत तो घ्यायचा म्हणजे जुगारच. हबर्ड जातीचा राखाडी, ओबडधोबड भोपळा पाच-सहा महिने टिकतो, पण दिसायला वाईट म्हणून कुणी उचलत नाही. मार्चमध्ये भोपळा हवा असेल तर त्याच्याकडेच वळावं लागतं. ही माहिती सुपरमार्केटच्या फळीवर कुठे असते? तुमच्या बाजारात ती टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात असते, आणि तिथून ती बाहेर काढायची सोय आपण केलेली नाही.

ती बाहेर आली की काय होतं ते मी एका टेबलावर पाहिलं. फेब्रुवारीतली गोष्ट. एका शेतकरीणबाईंनी खोक्याचं झाकण फाडून त्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘गाजर : ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढलं. मातीसकट, भोकं पाडलेल्या पिशव्यांत, शून्य अंशाला. काल धुतलं.’ शेजारी कोबीची पुठ्ठ्याची पाटी, ‘वरची पानं काढली आहेत, म्हणून पांढरा दिसतो.’ लोक थांबून वाचत होते. आणि वाचल्यावर विचारत होते, त्यालाच महत्त्व. मातीसकट का ठेवता? मी घरी किती दिवस ठेवू? कोबी पांढरा चालतो का? त्या बाई एका गाजराच्या चकत्या करून हातावर ठेवत होत्या आणि विकणं चालूच होतं. एका आजोबांनी एकॉर्न भोपळा उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, “आज रात्री करणार असाल तर न्या. ठेवायला हवा असेल तर हा बटरनट घ्या, देठ बघा कसा बुचासारखा वाळलाय, आणि नख रुतत नाही.” आजोबांनी नख लावून पाहिलं आणि दोन बटरनट नेले. शेजारच्या टेबलावर तसाच माल होता, कदाचित तितकाच चांगला, पण पाटी नव्हती. तिथला तरुण मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

आता टोमॅटोवाल्याबद्दल. मी ज्या बाजारांत जाते त्यांतल्या एकात (नाव घेत नाही, घेऊन काही साधणार नाही) ऐन जानेवारीत एका टेबलावर टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची असं भरघोस मांडलेलं असायचं. टेबलक्लॉथ खाली लोंबत होता, त्याच्या आत खोकी होती आणि खोक्यांवर घाऊक व्यापाऱ्याचे लेबल अर्धवट खरवडलेले. “तुमच्याकडेच पिकतं का?” असं विचारलं तर उत्तर, “आमच्याच भागातलं आहे.” संयोजकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, लोकांना हवं असतं, आणि तो दर आठवड्याला भाडं भरतो. दोन्ही खरं असेल. पण त्याच्या शेजारी सलगम आणि नवलकोल घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय? तीन महिने शीतघराचं वीजबिल भरून त्याने माल जपला, आणि गर्दी मात्र शेजारी, ज्याने पहाटे मंडईत जाऊन ट्रक भरला त्याच्याकडे.

यावर उपाय शोधायला कुठे लांब जायला नको. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात १९७२ पासून चालू असलेल्या डेन काउंटी शेतकरी बाजाराचा नियम साधा आहे. माल त्याच राज्यात पिकलेला हवा आणि ज्याने पिकवला तोच टेबलामागे हवा. हिवाळ्यात बाजार आत जातो, नियम बदलत नाही. कॅलिफोर्नियात दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकण्याचे प्रकार उघडकीला आल्यावर २०१४ मध्ये कायदा कडक झाला. तेव्हापासून तिथल्या प्रमाणित बाजारात शेतमाल विकणाऱ्याला पाटी लावावी लागते, शेताचं नाव, काउंटी म्हणजे जिल्हा, आणि आम्ही पिकवतो तेच विकतो असं विधान. खोटं लिहिलं तर गुन्हा. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून चालणाऱ्या ग्रीनमार्केट या शेतकरी बाजारांचे लोक शेतावर जाऊन पाहणी करून येतात. हे सगळं तुम्हाला जमेल असं मी म्हणत नाही. दहा-वीस टेबलांच्या बाजाराला तपासनीस कुठून परवडणार? शिवाय सगळ्याच आणलेल्या मालाला माझा विरोध नाही. शेजारच्या शेताची सफरचंदं एखाद्याने आपल्या टेबलावर ठेवली, तसं लिहून ठेवली, तर बिघडलं कुठे? लपवलं तर बिघडतं.

म्हणून माझी मागणी अगदी मामुली आहे. प्रत्येक टेबलावर प्रत्येक मालापुढे एक पाटी. कोणी पिकवलं, केव्हा काढलं, तेव्हापासून कुठे ठेवलं. तारीख अचूक नको, महिना आणि आठवडा पुरे. खडूचा फळा चालेल, फाटका पुठ्ठा चालेल. ज्याने माल घाऊक बाजारातून आणला त्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर लिहिता येणार नाही, आणि तुमचं निम्मं काम तपासनिसाशिवाय होऊन जाईल. ज्याने जपला त्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना पाटी पुरणार नाही.

काही संयोजकांना वाटतं की तारीख वाचून लोक दचकतील. दचकतील थोडे, पहिल्या आठवड्यात. पण हेच लोक दुकानातून एप्रिल-मेमध्ये सफरचंदं नेतात. ती आदल्या शरद ऋतूत उतरवलेली असतात आणि ऑक्सिजन कमी केलेल्या बंद खोल्यांत महिनोन्‌महिने ठेवलेली असतात. ते खाताना कुणाला काही वाटत नाही, कारण कुणी सांगत नाही. आपण सांगायचं, आणि सोबत चकती चाखायला द्यायची.

जाता जाता, पर्यावरणाचं ते पोस्टरही उतरवा. ‘जवळचं खा, पृथ्वी वाचवा’ असं मोठ्या अक्षरांत प्रत्येक हॉलच्या दाराशी असतं. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी अमेरिकेतल्या अन्नाचा हिशेब मांडला. अन्नापायी होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८३ टक्के ते पिकवताना होतात, उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा ४ टक्के. जानेवारीत तेल जाळून गरम केलेल्या काचघरातला टोमॅटो जवळचा असूनही उबदार प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊन बसलेला असू शकतो. मग जवळचं कशाला घ्यायचं? गाजर चांगलं लागतं म्हणून. पिकवणाऱ्याला विचारता येतं म्हणून. आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्याला बियाणं घ्यायचं असतं, गडी टिकवायचा असतो, तेव्हा शेतातून एक पैसा येत नसतो, त्या दिवसांत चार पैसे त्याच्या हातात पडतात म्हणून. ही कारणं पुरेशी आहेत. त्यांच्यावर पृथ्वीचं ओझं टाकलं की एखादं हुशार गिऱ्हाईक आकडे घेऊन येतं आणि सगळाच बाजार खोटा ठरवून जातं.

भाजीशिवायच्या मालालाही पाट्या हव्यात, थोडक्यात सांगते. अंडी हिवाळ्यात कमी का, तर कोंबडीला अंडं घालायला दिवसाकाठी चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो. काही जण खुराड्यात दिवे लावतात, काही लावत नाहीत. दोन्ही ठीक, लिहा. मध रवाळ झाला म्हणून भेसळीचा संशय घेणारे अजून भेटतात. गार खोलीत मधातल्या ग्लुकोजचे खडे होणारच, कोमट पाण्यात बाटली ठेवली की परत पातळ होतो. चीज हिवाळ्यात फिकट दिसतं, कारण गाई हिरव्या चाऱ्याऐवजी सुक्या गवतावर असतात. मांस गोठवलेलं असेल तर कधी गोठवलं ते लिहा. अळंबीवाले वर्षभर आतच पिकवतात, त्यांना फक्त तोडणीचा दिवस लिहायचा आहे, ते सुटले. जॅम, साबण, मेणबत्त्या यांच्यावर माझा राग नाही, पण निम्म्याहून जास्त टेबलं त्यांचीच झाली की तो भेटवस्तूंचा मेळा होतो. मग खरा शेतकरी पेट्रोलचा खर्च निघत नाही म्हणून येणं बंद करतो. टेबलांचं प्रमाण आधी ठरवा आणि त्यावर टिकून राहा, ऐनवेळी रिकामी जागा भरायला काहीही घेऊ नका.

हॉलबद्दल दोन शब्द. तुम्ही हीटर फार लावता. गिऱ्हाईक कोट घालूनच येतं, आत बावीस अंश कशाला? पालकाची जुडी त्या हवेत तासाभरात मान टाकते, आणि मग शेतकरी दर दहा मिनिटांनी तिच्यावर पाणी मारत बसतो. पालेभाजीवाल्यांना दाराजवळ बसवा, चीजवाल्यांना रेडिएटरपासून लांब. बटाट्याची पोती झगझगीत दिव्यांखाली उघडी ठेवू नका, वर गोणपाट टाकायला सांगा. आणि निघायच्या दारावर एक सूचना जरूर लावा, की भोपळा आणि रताळी गाडीच्या डिकीत ठेवू नका, पायाशी ठेवा. घरी जाताना वाटेत चार ठिकाणी थांबलं, डिकीत शून्याखाली गेलं, की दोन महिने टिकणारं रताळं आठवड्यात आतून काळं पडतं. दोष मात्र शेतकऱ्याला.

पैशांचीही एक अडचण आहे. अमेरिकेत सरकारी अन्नमदतीचं कार्ड हिवाळ्यातही चालतं, पण ज्येष्ठांना आणि लहान मुलांच्या आयांना शेतकरी बाजारासाठी वेगळी मिळणारी कुपनं बहुतेक राज्यांत पानगळीबरोबरच संपतात. ज्यांना गाजर-कोबी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल त्यांच्या हातातलं साधन नेमकं तेव्हा जातं. कुपनांची मुदत वाढवणं तुमच्या हातात नाही, ती राज्याकडे मागावी लागेल, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मागितली तर ऐकली जाण्याची शक्यता जास्त. तुमच्या हातात आहे ते कार्डाचं यंत्र. तळघरात त्याला सिग्नल नसतो, म्हणून ते दिवसभर खोक्यात पडून राहतं आणि ‘सध्या बंद’ अशी चिठ्ठी त्याच्यावर कायमची चिकटलेली असते. एक वायर वरच्या मजल्यापर्यंत ओढायला किती खर्च येईल?

हे सगळं हौसेच्या पातळीवर ठेवायचे दिवस गेले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नोंदीत नोव्हेंबर ते मार्चदरम्यान भरणारे बाजार २०११ मध्ये १,२२५ होते, २०१२ मध्ये १,८६४ झाले, म्हणजे तेव्हाच्या एकूण बाजारांपैकी जवळपास चौथा हिस्सा. एवढे बाजार भरतात, त्यांच्यावर शेतं चालतात, शीतघरं बांधली जातात, बँकेची कर्जं काढली जातात. मग नियमही त्या तोलाचे हवेत. आणि दिवस नेमून ठेवा, ही कळकळीची विनंती. आज पहिला शनिवार, पुढच्या महिन्यात दुसरा, मध्ये लग्नाला हॉल दिला म्हणून रद्द, असं चाललं की गिऱ्हाइकाची सवय मोडते आणि शेतकऱ्याने त्या दिवसासाठी धुऊन ठेवलेली गाजरं वाया जातात. धुतलेलं गाजर मातीतल्यासारखं टिकत नाही.

या हिवाळ्यासाठी पाट्यांचा नियम करायला आता उशीर झाला असेल तर निदान विनंती करून पाहा, दोन-चार टेबलं तयार होतील. पुढच्या हंगामाचे अर्ज तुम्ही उन्हाळ्यात काढता. त्या अर्जात एक रकाना वाढवा, हिवाळ्यात काय विकणार, ते कधी काढणार, कुठे ठेवणार. शेतकऱ्याला त्याचं पीक तेव्हाच ठरवायचं असतं, उशिराचा कोबी जुलैत लावायचा असतो, त्यामुळे हे त्याच्याही सोयीचं पडेल. पत्रकावर चित्र लागेलच, तर या खेपेला हबर्ड भोपळ्याचं छापा.

खडू आणि पुठ्ठे कमी पडले तर सांगा, मी आणून देईन. शनिवारी दार उघडायच्या आधी रांगेत असतेच.

कळावे,

आपली,
टेबलाच्या अलीकडच्या बाजूची एक गिऱ्हाईक